मायरिंगेन : एका वेडाचे गाव

युंगफ्राऊचे बर्फ, ल्युसर्नचा लाकडी पूल आणि इंटरलाकेनच्या दुकानांतली घड्याळे एवढे पाहिले की आपल्याकडच्या प्रवाशाचे स्वित्झर्लंड आटोपते. त्यात गैर काही नाही. तिथे प्रत्येक गोष्ट महाग आहे आणि सहलीच्या बसला पुढचा मुक्काम गाठायचा असतो. परंतु इंटरलाकेनच्या पूर्वेकडील स्थानकावरून ब्रिएन्झ सरोवराच्या काठाकाठाने एक मीटरगेज गाडी जाते. महू-खांडव्याच्या जुन्या गाडीचे रूळ होते तेवढ्याच रुंदीचे तिचे रूळ. अर्धा-पाऊण तास तीत बसले की सरोवर मागे पडते, दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ सरकतात आणि हास्लीच्या खोऱ्यातले मायरिंगेन नावाचे लहानसे गाव येते. गावाजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव आरे. मराठी कानाला ते दर वेळी कुणी हाक मारल्यासारखे ऐकू येते.

गाव नेटके आहे. पण फार जुने दिसत नाही. १८७९ साली आणि पुन्हा १८९१ साली ते आगीत जळाले. या खोऱ्यात ‘फ्यॉन’ नावाचा कोरडा, उष्ण वारा सुटतो आणि त्या वेळी लाकडी घरांच्या वस्तीत ठिणगी पडली तर काही उरत नाही. अंड्याचा पांढरा बलक आणि साखर फेटून मंद आचेवर वाळवलेली ‘मेरिंग’ नावाची मिठाई आपल्याच गावाची, असे इथले मिठाईवाले सांगतात. इतिहासकारांना ते पुरते पटलेले नाही. मिठाई मात्र चांगली आहे. अर्थात ज्या घरांत अंडे चालते त्यांच्यासाठी.

या गावाला एक मानद नागरिक आहे. तो कधी जन्मलाच नाही, आणि म्हणून त्याला मारण्याचा एक मोठा प्रयत्न फसला. त्याचे नाव शेरलॉक होम्स.

हकिगत बहुतेकांना ऐकून माहीत असेल, तरी थोडक्यात सांगते. आर्थर कॉनन डॉईल हा व्यवसायाने डॉक्टर. त्याने होम्स हा गुप्तहेर निर्माण केला आणि ‘स्ट्रँड’ मासिकातून त्याच्या गोष्टी इतक्या लोकप्रिय झाल्या की डॉईल त्यांना कंटाळला. त्याला गंभीर ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. होम्सला संपवण्याचा विचार त्याने १८९१ सालीच आईला पत्रातून कळवला. आईने विरोध केला म्हणून होम्स आणखी दोन वर्षे जगला. १८९३ च्या उन्हाळ्यात डॉईल स्वित्झर्लंडला आला, त्याने मायरिंगेनजवळचा रायखेनबाखचा धबधबा पाहिला आणि जागा ठरली. त्याच वर्षी त्याचे वडील वारले आणि पत्नीच्या क्षयाचे निदान झाले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. डिसेंबर १८९३ च्या अंकात ‘द फायनल प्रॉब्लेम’ ही गोष्ट आली. तीत ४ मे १८९१ या दिवशी होम्स आणि त्याचा वैरी प्राध्यापक मोरिआर्टी एकमेकांना मिठी घालून या धबधब्यात कोसळतात. वीस हजार वर्गणीदारांनी ‘स्ट्रँड’ बंद केला, असे सांगतात. पुढे १९०१ साली डॉईलने एक ‘आधीची’ कथा म्हणून बास्करव्हिलच्या शिकारी कुत्र्याची कादंबरी लिहिली. आणि १९०३ मध्ये होम्स पडलाच नव्हता, कड्यावर चढून निसटला होता आणि मधली तीन वर्षे तिबेटात वगैरे हिंडत होता, असा खुलासा करून त्याला परत आणले. चार कादंबऱ्या आणि छप्पन्न गोष्टी मिळून एकूण साठ कथा झाल्या.

मी मायरिंगेनला गेले ती माझ्या थोरल्या बहिणीमुळे. ताई बडोद्याच्या एका शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झाली. तिचा मुलगा नोकरीनिमित्त बर्न शहरात असतो. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघी त्याच्याकडे गेलो. ताईच्या पेटीत तळाशी, चकल्यांचा डबा आणि लोकरीची शाल यांच्याखाली, तपकिरी कागदाचे कव्हर घातलेली एक दोनशे पानी वही होती. अशा वह्या तिच्याकडे अकरा आहेत.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली बडोद्याला मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले. आमच्या घराण्यातल्या तीन पिढ्यांचे वाचन त्याच्या आधाराने झाले. ताईने तेराव्या वर्षी होम्स वाचला तो तिथलाच. पुढे भालबा केळकरांनी केलेले मराठी होम्स आले, तेही तिने वाचले. पण तोवर ती मूळ इंग्रजीत शिरली होती. घरातले पुरुष बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड दुपारच्या झोपेआधी वाचत आणि विसरून जात. ताई विसरत नसे. कोणत्या गोष्टीत कोणती तारीख, कोणत्या स्थानकावरून कोणती गाडी, धुके होते की पाऊस, वॉटसनचे लग्न झाले होते की व्हायचे होते, हे सारे ती वहीत टिपत गेली. लग्न होऊन सासरी गेली तेव्हाही दोन वह्या बरोबर होत्या. तिथे ‘वहिनींचा होम्स’ ही घरातली कायमची थट्टा होऊन बसली. थट्टा प्रेमळ होती, पण पन्नास वर्षे चालली. आणि वही कुणी आले की उशीखाली जाऊ लागली.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. हे आकडे तोंडपाठ असणारे काका आपल्या प्रत्येक घरात असतात आणि त्यांना आपण ‘जाणकार’ म्हणतो. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या संयुक्त ‘मानापमाना’त कुणी कोणते पद कसे घेतले, याची ऐकीव वर्णने करणारे आजोबा ‘रसिक’ ठरतात. वॉटसनच्या जखमेचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला मात्र ‘खूळ आहे’ म्हणतात. हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते ते मला अद्याप समजलेले नाही.

वॉटसनच्या जखमेची गोष्ट अशी. पहिल्या कादंबरीत तो सांगतो की सैन्यातला डॉक्टर म्हणून आपण मुंबई बंदरात उतरलो, तिथून पलटणीच्या मागोमाग अफगाणिस्तानात गेलो आणि १८८० साली मैवंदच्या लढाईत गोळी लागली ती खांद्याला. दुसऱ्या कादंबरीत तीच गोळी पायात आहे. लेखक विसरला, हे उघड आहे. परंतु १९११ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या तरुण पंडिताने ऑक्सफर्डमध्ये एक निबंध वाचला आणि धर्मग्रंथांची जशी चिकित्सा करतात तशी गंभीर चेहऱ्याने होम्सकथांची केली. त्यातून एक खेळ जन्मला. त्याचा नियम एकच : होम्स आणि वॉटसन ही खरी माणसे, वॉटसनने लिहिले ते सत्य आणि डॉईल हा केवळ ते छापायला देणारा मध्यस्थ. मग विसंगती आली की ‘लेखक चुकला’ म्हणून सुटता येत नाही; उत्तर शोधावेच लागते. वॉटसनचे नाव जॉन एच., तर त्याची बायको एका गोष्टीत त्याला ‘जेम्स’ का म्हणते? डोरोथी सेयर्स या विदुषीने उत्तर दिले की ‘एच.’ म्हणजे हॅमिश, आणि हॅमिश हे जेम्सचेच स्कॉटिश रूप. न्यायशास्त्राचा आणि टीकाग्रंथांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या लोकांना हा खेळ परका वाटू नये.

१९३४ साली न्यूयॉर्कला ‘बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स’ आणि १९५१ साली लंडनला ‘शेरलॉक होम्स सोसायटी’ अशा मंडळ्या निघाल्या. लंडनच्या बेकर स्ट्रीटवर २२१ क्रमांकाच्या जागी १९३२ पासून एका गृहकर्ज संस्थेची कचेरी होती. तिथे होम्सच्या नावाने इतकी पत्रे येत की उत्तरे लिहायला त्या संस्थेला एक सचिव ठेवावा लागला.

या सगळ्यांची पंढरी म्हणजे मायरिंगेन. १९६८ साली लंडनची मंडळी व्हिक्टोरिया राणीच्या काळातले पोशाख करून स्वित्झर्लंडच्या यात्रेला आली आणि धबधब्यापाशी ती झटापट वठवून दाखवली. होम्स झाले होते सर पॉल गोर-बूथ. हे गृहस्थ १९६० ते १९६५ या काळात दिल्लीत ब्रिटनचे उच्चायुक्त होते आणि यात्रेच्या वेळी लंडनच्या परराष्ट्र खात्याचे सर्वांत वरिष्ठ सनदी अधिकारी होते. आपल्याकडच्या एखाद्या परराष्ट्र सचिवाने सांदण दरीच्या तोंडाशी काळापहाडाचा वेष करून मारामारी केली तर वर्तमानपत्रे काय लिहितील, याची कल्पना करून पाहावी. त्यांची नोकरी गेली नाही. हसणारे हसले असतीलच, पण त्यांच्याबरोबर हसायला खुद्द साहेबही तयार होते.

धबधब्याकडे जायला गावातून आरे ओलांडून विलिगेन या वाडीपर्यंत वीसेक मिनिटे चालावे लागते. तिथून दोराने ओढली जाणारी लाल लाकडी डब्यांची उघडी गाडी वर जाते. १८९९ सालचा हा मार्ग सातशे मीटरांहून थोडा अधिक लांब असून तेवढ्यात सुमारे अडीचशे मीटर चढतो. ताईने डोळे मिटून घेतले नाहीत, मी घेतले. वरच्या स्थानकापाशी सज्जा आहे आणि समोर धबधबा. मुख्य उडी शंभर मीटरांहून मोठी. जूनमध्ये बर्फाचे पाणी असते, म्हणून तुषार सज्जापर्यंत येतात आणि बोलणे ऐकू येत नाही. वीजनिर्मितीसाठी बरेचसे पाणी वळवलेले असल्याने कोरड्या दिवसांत इथे येणाऱ्याची निराशा होते, असे भाच्याने आधीच ऐकून ठेवले होते. टर्नर या चित्रकाराने होम्सच्या कितीतरी आधी, १८०४ साली, हा धबधबा रंगवला. गिरसप्पा पाहिलेल्यांनी उंचीची तुलना करू नये. याचे भय उंचीचे नाही, काळ्या अरुंद घळईचे आहे.

पलीकडच्या कड्यावर एक पांढरा तारा रंगवलेला दिसतो. तीच ती जागा. डोंगरातून वळसा घालून, पुलावरून धबधबा ओलांडून तिथवर पायी जाता येते. वाट ओली, एका बाजूला खडक आणि दुसरीकडे खोली. कठड्यापाशी भिंतीत बसवलेल्या पाटीवर इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच अशा तीन भाषांत लिहिले आहे की ४ मे १८९१ रोजी होम्सने मोरिआर्टीवर इथे विजय मिळवला. ‘कथेनुसार’, ‘म्हणतात’ असले शब्द कुठेही नाहीत. डॉईलच्या काळी ही पायवाट पाण्याच्या अगदी जवळ संपत असे. शंभरावर वर्षांत ती ढासळत गेली आणि आता धबधब्यापासून बरीच अलीकडेच तुटते. ताई पाटीसमोर उभी राहिली. तिने ओल्या हाताने अक्षरांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, “अगं, तीन भाषांत लिहिलंय. म्हणजे कुणाला शंका यायला नको.”

खाली गावात कॉनन डॉईलच्या नावाचा छोटा चौक आहे. तिथे जॉन डबलडे या शिल्पकाराने केलेला, खडकावर बसून चिलीम ओढणाऱ्या होम्सचा ब्राँझचा पुतळा १९८८ पासून आहे. पुतळ्यावर साठही कथांच्या खुणा कोरून लपवल्या आहेत, त्या शोधायच्या. शेजारी इंग्रज प्रवाशांसाठी पूर्वी बांधलेले चर्च आहे आणि त्याच्या तळघरात १९९१ साली, त्या झटापटीच्या शताब्दीला, होम्सचे संग्रहालय उघडले. बेकर स्ट्रीटवरची त्याची बैठकीची खोली तिथे जशीच्या तशी मांडली आहे.

आम्ही गेलो तेव्हा पुतळ्याभोवती सहा-सात वयस्क माणसे वाकून, गुडघे टेकून खुणा मोजत होती. दोघांच्या डोक्यांवर ती दोन टोकांची टोपी होती. (डॉईलने ती टोपी नावानिशी कुठेच सांगितलेली नाही, ती सिडनी पॅजेट या चित्रकाराची करामत, असे ताई लगेच माझ्या कानात पुटपुटली.) त्यांच्यातले एडिंबराचे एक निवृत्त गृहस्थ आमच्याकडे वळले. साड्या पाहून त्यांना गंमत वाटली असावी. त्यांनी हसत परीक्षा घेतली : वॉटसनची जखम कुठे, खांद्याला की पायाला?

ताई क्षणभर गप्प राहिली. अशा प्रश्नाला उत्तर दिले की लोक हसतात, हा तिचा पन्नास वर्षांचा अनुभव. मग ती म्हणाली, “पहिल्या कादंबरीत खांदा, दुसरीत पाय. आणि ‘नोबल बॅचलर’ या गोष्टीत वॉटसन नुसते ‘एका अवयवात’ असे म्हणतो. म्हणजे गोंधळ त्याच्याही लक्षात आला होता.”

मंडळी हसली खरी, पण ते हसणे निराळे होते. गुडघ्यांवरची माणसे उठून उभी राहिली. कुणी विचारले, ‘विस्टेरिया लॉज’चे काय? ती गोष्ट वॉटसनने मार्च १८९२ ची म्हणून सांगितली आहे, आणि तेव्हा तर होम्स मेलेला समजला जात होता! ताईने उत्तर दिले, दुसऱ्याने ते खोडले, तिसऱ्याने ताईची बाजू घेतली. भाचा म्हणाला, “मावशी, आईला एवढं भराभरा इंग्रजी बोलताना मी पहिल्यांदा ऐकतोय.”

मग एक बाई म्हणाल्या, “तुम्ही हिंदुस्थानातल्या. सापाचे तेवढे सांगा.”

हा प्रश्न आपल्या घरचा म्हणून थोडा विस्ताराने लिहिते. ‘द स्पेकल्ड बँड’ या गोष्टीत कलकत्त्याला डॉक्टरकी केलेला एक दुष्ट सावत्र बाप हिंदुस्थानातला ‘स्वॅम्प अ‍ॅडर’ हा विषारी साप लोखंडी तिजोरीत ठेवतो, त्याला बशीतून दूध पाजतो, शीळ घालून परत बोलावतो आणि घंटेच्या दोरीवरून खाली सोडतो. त्याच्या दंशाने माणूस दहा सेकंदांत मरतो. ताईने पेटीतली वही आता पिशवीत आणली होती. ती तिने काढली. या नावाचा साप हिंदुस्थानात नाही. नागपंचमीला आपण दूध ठेवतो ती श्रद्धा. साप दूध हे अन्न म्हणून घेत नाही. त्याला बाहेरचा कान नसतो, त्याला मुख्यतः जमिनीची कंपने कळतात, तेव्हा शिळेवर येणारा साप शिकवणे अवघड. बंद तिजोरीत तो गुदमरेल. चौकोनी चपट्या डोक्याचे वर्णन घोणशीसारख्या सापाला जुळते, तर फुगवलेली मान नागाची. आणि दहा सेकंदांत मारणारे विष दोघांकडेही नाही. इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या. “पण डॉईल चुकला असे म्हणायचे नाही ना?” ताई म्हणाली, “मग दूध आणि शीळ हे सारे होम्सचे अनुमान आहे. त्याने सापाला दूध पिताना कुठे पाहिलंय? बशी पाहिली. दूध कदाचित घरातल्या चित्त्यासाठी असेल.” त्या घरात पाळीव चित्ता होता, हे त्या घोळक्यात कुणालाच सांगावे लागले नाही.

दीड तास चर्चच्या पायऱ्यांवर हे चालले. एडिंबराच्या गृहस्थांनी वही हातात घेतली, देवनागरीतली बारीक रकाने पाहिली आणि तारखांवरून कोणती गोष्ट कुठे आहे ते ओळखत गेले. अक्षर न कळता!

सापाबद्दल विचारणाऱ्या बाईंनी सांगितलेली एक गोष्ट नोंदवते, कारण या वेडाच्या गावातही सगळे आलबेल नव्हते. न्यूयॉर्कच्या ‘इर्रेग्युलर्स’च्या वार्षिक जेवणात बायकांना जागा नसे. अमेरिकेतल्या एका महाविद्यालयातल्या मुलींनी आपली वेगळी मंडळी काढली आणि १९६८ च्या जानेवारीत त्यांनी जेवणाच्या जागेबाहेर थंडीत फलक घेऊन निदर्शने केली. मूळ मंडळींनी बायकांना सभासद केले ते १९९१ साली. तेवीस वर्षे! ताईने वर्ष विचारून घेतले आणि वहीत टिपले.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी : दोराची गाडी हिवाळ्यात बंद असते, मेअखेर ते जुलै हा पाण्याचा काळ उत्तम. पायांत घसरणार नाहीत असे बूट हवेत, चप्पल नको. संग्रहालयाच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या आधी विचारून घ्याव्यात. पुतळ्यावरच्या साठ खुणांपैकी आम्हांला चौतीस सापडल्या.

एडिंबराहून आता ताईला पत्रे येतात. गेल्या पत्रात त्यांनी चित्त्याचा मुद्दा अमान्य केला आहे : चित्ता मोकळा हिंडत असे, त्याचे दूध तिजोरीवर कशाला ठेवतील? ताईला उत्तर द्यायचे आहे. वाचकांपैकी कुणी साप पाळले किंवा पकडले असतील, विशेषतः घोणस दोरीवरून उतरताना पाहिली असेल, तर त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. ती प्रत्येक पत्राला उत्तर देते, आणि तारीख घालून वहीत नोंदवते.